सिबिलचं पत्र

१९७६च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीने ‘सिबिल’ हे टीव्ही नाट्य दोन भागांत दाखवलं. एका तरुणीच्या देहात १६ व्यक्ती नांदतात, असं त्याचं कथानक. सिबिलच्या भूमिकेसाठी सॅली फिल्डला एमी पुरस्कार मिळाला. डॉक्टर झाली होती जोअॅन वुडवर्ड. हिनेच १९५७च्या ‘द थ्री फेसेस ऑफ इव्ह’ या सिनेमात अशा रुग्णाची भूमिका करून ऑस्कर मिळवलं होतं.

मी हे नाट्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हेलावून गेलो. त्यातला शब्द न् शब्द खरा मानला. नाट्याला आधार होता फ्लोरा श्रायबर यांच्या १९७३च्या गाजलेल्या पुस्तकाचा. त्याआधी जगभरात अशा रुग्णांच्या मोजक्याच नोंदी होत्या. नंतर त्या झपाट्याने वाढल्या. १९८० साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या यादीत बहुव्यक्तिमत्त्वाला स्वतंत्र जागा मिळाली.

पुढे डेबी नेथन यांचं २०११चं पुस्तक वाचलं आणि थबकलो. खरी सिबिल म्हणजे शर्ली मेसन, चित्रं काढणारी एक बाई. १९५८ साली तिने आपल्या डॉक्टर कॉर्नेलिया विल्बर यांना पत्र लिहिलं होतं, की माझ्यात अनेक व्यक्ती नाहीत, मी ते सोंग केलं. उपचारात औषधाची गुंगी देऊन तिला बोलतं केलं जाई. डॉक्टरांनी ते पत्र उपचाराला होणारा विरोध ठरवलं. १९९८ साली शर्ली वारली, तोवर जग तिला सिबिल म्हणूनच ओळखत होतं.

म्हणून हा आजारच खोटा, असं मी म्हणणार नाही. १९९४ साली त्याचं नाव बदललं, तज्ज्ञांचे वाद चालू आहेत. पण त्याचा त्रास भोगणारी माणसं आहेत. २००९च्या ‘युनायटेड स्टेट्स ऑफ तारा’ या मालिकेत टोनी कोलेटची तारा नवरा-मुलांसोबत हा आजार घेऊन जगते. तिथे चमत्कारिक उपचारापेक्षा रोजचं घर मोठं आहे, म्हणून ती मला अधिक जवळची वाटते.

आपल्याकडे अशा बाईला कुणी ‘असर झालाय’ म्हणून दर्ग्यावर नेतं, कुणी ‘अंगात आलंय’ म्हणून हात जोडतं. न्यूयॉर्कच्या सुशिक्षित डॉक्टरांनी तरी वेगळं काय केलं? निदान आधी ठरलं, रुग्णाचं म्हणणं मागे पडलं. शर्लीच्या पत्रावर वाद घालता येईल. पण ते वाचून तिच्यासमोर बसून ‘बरं, सांग’ एवढं म्हणणारं कुणीतरी तिला मिळायला हवं होतं.