ती गेली होती, पण कित्येक महिने कुणाला पत्ताच नव्हता! हॉलिवूडच्या इव्हेट विकर्सची गोष्ट

२७ एप्रिल २०११. लॉस एंजेलिसच्या बेनेडिक्ट कॅनियन भागातलं एक जुनं घर. पत्रपेटीतली पत्रं पिवळी पडली होती, वर कोळ्याची जाळी. शेजारणीला शंका आली. ती कशीबशी आत शिरली, तेव्हा हीटर सुरूच होता आणि घरात एका स्त्रीचा सुकून ममीसारखा झालेला मृतदेह होता. तो होता एकेकाळची अभिनेत्री आणि मॉडेल इव्हेट विकर्सचा.

कोण होती इव्हेट?

२६ ऑगस्ट १९२८ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत जन्मलेल्या इव्हेटचे वडील जॅझ संगीतकार होते. १९५० च्या 'सनसेट बुलेव्हार्ड'मध्ये ती काही क्षणच दिसते : पार्टीत फोनवर खिदळणारी मुलगी! श्रेयनामावलीत तिचं नावही नव्हतं.

पुढे 'अटॅक ऑफ द फिफ्टी फूट वुमन' (१९५८) आणि 'अटॅक ऑफ द जायंट लीचेस' (१९५९) या कमी खर्चातल्या भयपटांनी तिला ओळख दिली. जुलै १९५९ मध्ये ती 'प्लेबॉय'ची प्लेमेट झाली. हे फोटो रस मेयर यांनी काढले होते. पण मोठी भूमिका काही मिळाली नाही. पॉल न्यूमनच्या 'हड'मध्येही (१९६३) तिच्या वाट्याला छोटंसंच काम आलं.

गंमत म्हणजे, ज्या भयपटांना तेव्हा कुणी गांभीर्यानं घेतलं नाही, त्यांचाच पुढे खास चाहतावर्ग तयार झाला. इव्हेट चाहत्यांच्या संमेलनांना जायची, सह्या द्यायची. तिला मूलबाळ नव्हतं. शेवटच्या महिन्यांत तिने फोन केले, तेही नातेवाइकांना नाही, तर संमेलनांतून आणि इंटरनेटवरून ओळख झालेल्या लांबच्या चाहत्यांना.

मृत्यूचं कारण हृदयविकार निघालं. तिला जाऊन जवळपास वर्ष झालं असावं, असा अंदाज होता. बातमी आल्यावर मात्र दोन आठवड्यांत फेसबुकवर तिच्याविषयी हजारो पोस्ट पडल्या!

'द अटलांटिक' मासिकाने मे २०१२ मध्ये 'फेसबुक आपल्याला एकाकी करतंय का?' असा लेख छापला. त्याची सुरुवात इव्हेटच्याच मृत्यूने होते.

तुमच्या फ्रेंडलिस्टमधलं कुणी बऱ्याच दिवसांत दिसलेलं नाही का? लाइक नको, आज एक फोन करून बघा.