दिव्याकडून ओळखीकडे : जुहू–वर्सोवा किनाऱ्यावरील मासेमारी नौकांची बॅटरी आणि शिशाकडून लिथियमकडे होणारे संक्रमण

प्रस्तावना

३१ जुलै २०११ रोजी 'एम. टी. पवित' हे तेलवाहू जहाज जुहू–वर्सोवाच्या वाळूत येऊन रुतले. जहाजावर एकही माणूस नव्हता. इंजिनकक्षात पाणी शिरल्यामुळे खलाशांनी ते सुमारे महिनाभरापूर्वी ओमाननजीकच्या समुद्रात सोडून दिले होते. तेथून केवळ वारा आणि प्रवाह यांच्या बळावर ते अरबी समुद्र ओलांडून मुंबईस आले, आणि किनाऱ्यास लागेपर्यंत त्यास कोणी अडविले नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यास तेव्हा तीन वर्षेही पूर्ण झाली नव्हती. साहजिकच चर्चेचा सर्व रोख गस्तीतील उणिवांवर राहिला. तथापि या घटनेस आणखी एक बाजू आहे. जहाजाची ओळख व स्थान कळविणारी स्वयंचलित यंत्रणा विजेवर चालते. वीज संपलेले जहाज आपले अस्तित्व जाहीर करू शकत नाही.

जे मोठ्या जहाजास लागू, ते कोळी बांधवांच्या लहान नौकेस अधिकच लागू आहे, कारण तिच्यावर पर्यायी विद्युतव्यवस्था क्वचितच असते. शिसे-आम्ल बॅटरीऐवजी लिथियम बॅटरी बसविणे हा नौकामालकाचा खासगी खरेदीचा प्रश्न समजला जातो. नौकेवरील विजेचे बदलत गेलेले प्रयोजन पाहता तो सार्वजनिक धोरणाचा प्रश्न ठरतो, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

शिसे-आम्ल बॅटरीचे नौकेवरील स्थान

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ साली पुन्हा भारित करता येणारी शिसे-आम्ल बॅटरी तयार केली. कामिल फोर यांनी १८८१ मध्ये तिच्या पट्ट्यांत सुधारणा केल्यावर तिचे औद्योगिक उत्पादन शक्य झाले. मुंबईच्या कोळी नौकांपर्यंत ती पोहोचली ती प्रामुख्याने स्वातंत्र्योत्तर काळातील यांत्रिकीकरणाच्या मार्गाने. शिडाच्या होडीस कंदील पुरेसा होता. डिझेल इंजिनाबरोबर बॅटरीही नौकेवर आली.

या बॅटरीकडे दोन भिन्न कामे आली. इंजिन सुरू करताना काही सेकंद प्रचंड प्रवाह द्यावा लागतो. दिवे व उपकरणे यांना मात्र अल्प प्रवाह तासन्‌तास हवा असतो. वर्सोवा परिसरात प्रचलित असलेली डोल जाळ्याची मासेमारी भरती-ओहोटीच्या प्रवाहावर अवलंबून असते. प्रवाह पालटेपर्यंत इंजिन बंद ठेवले, तर तेवढा वेळ नौकेचा दिवा केवळ बॅटरीवर जळतो. वर्दळीच्या मुंबई बंदरालगत तो दिवा विझणे म्हणजे अंधारात मोठ्या जहाजाच्या मार्गात उभे राहणे होय.

२००८ नंतरचा वाढता भार

२००८ मधील हल्लेखोरांनी 'कुबेर' ही मासेमारी नौका ताब्यात घेऊन मुंबई गाठली होती. त्यानंतर मच्छीमाराकडे पाहण्याची शासनाची दृष्टी बदलली. नौकांची नोंदणी, रंगसंकेत आणि खलाशांची ओळखपत्रे यांवर भर देण्यात आला. जीपीएस, मासे शोधणारे यंत्र आणि व्हीएचएफ संच यांच्या जोडीला ओळख कळविणारी उपकरणे आली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते तेरा किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील मासेमारी नौकांवर टप्प्याटप्प्याने एक लाख ट्रान्सपॉंडर बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. अशा रीतीने बॅटरीचे कार्य प्रकाश देण्यापुरते मर्यादित न राहता नौकेची ओळख जागी ठेवण्यापर्यंत विस्तारले.

लिथियमचा पर्याय

सोनी कंपनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. पुढे पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी १९९७ साली लिथियम आयर्न फॉस्फेट या संयुगाचे गुणधर्म प्रसिद्ध केले. उष्णतेस तुलनेने स्थिर असल्यामुळे नौकांसाठी आज हाच प्रकार विशेष पसंत केला जातो.

दोहोंतील अंतर साध्या हिशेबाने स्पष्ट होते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत १२०० वॉट-तास ऊर्जा असते. परंतु आयुष्य टिकवायचे तर तिची निम्मीच ऊर्जा वापरणे इष्ट असते. दिवे व उपकरणे मिळून ५० वॉटचा भार धरल्यास ती १२ तास पुरते. तेवढ्याच क्षमतेच्या १२.८ व्होल्टच्या लिथियम बॅटरीतून ८० टक्के ऊर्जा घेतली, तरी १०२४ वॉट-तास, म्हणजे सुमारे २० तास मिळतात. तिचे वजन निम्म्याच्या आसपास असते आणि भारणाची आवर्तने कित्येक पटींनी अधिक असतात.

तथापि जुनी बॅटरी काढून नवी बसविली, एवढ्याने काम भागत नाही. लिथियम बॅटरी दीर्घकाळ मोठा प्रवाह खेचते, त्यामुळे इंजिनावरील अल्टरनेटर तापून निकामी होऊ शकतो. बॅटरीतील संरक्षक यंत्रणेने अकस्मात जोडणी तोडल्यास त्यातील डायोड जळण्याचा संभव असतो. म्हणून मध्ये स्वतंत्र चार्जर बसवून इंजिन सुरू करण्यासाठी शिशाची बॅटरी कायम ठेवणे हितावह ठरते. लिथियम बॅटरीचा व्होल्टेज अखेरपर्यंत जवळजवळ स्थिर राहत असल्याने केवळ व्होल्टमीटर पाहून शिल्लक ऊर्जेचा अंदाज येत नाही. दिवा मंद होऊ लागला की तांडेल सावध होत असे. ती पूर्वसूचना येथे मिळत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये नॉर्वेतील 'इटरॉयनिंगेन' या फेरीबोटीच्या बॅटरीकक्षात आग लागून स्फोट झाला. मोठ्या संचांच्या जोडणीत व शीतकरणात किती दक्षता हवी, हे त्यातून दिसून आले.

भंगाराचे अर्थशास्त्र

शिशाच्या बॅटरीस मृत्यूनंतरही मोल असते. निकामी बॅटरी दुकानदारास परत दिल्यास नवीच्या किमतीत सूट मिळते. २००१ च्या बॅटरी नियमांनी या परताव्यास कायदेशीर आधार दिला. मात्र अनधिकृत भट्ट्यांत शिसे वितळविले गेल्यास त्याचे विष कामगारांच्या व वस्तीच्या शरीरात जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी लिथियमसह सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. परंतु आयर्न फॉस्फेट बॅटरीत कोबाल्ट वा निकेल नसल्याने तिच्या भंगारास शिशासारखा भाव नाही. परिणामी नौकामालकास आरंभीची किंमत अधिक मोजावी लागते आणि अखेरचा परतावा कमी मिळतो. दीर्घ मुदतीत स्वस्त पडणारी वस्तू हंगामाच्या उत्पन्नावर जगणाऱ्या कुटुंबास महाग वाटते, याचे कारण येथे आहे.

समारोप

दिव्यासाठी लागणारी वीज ही नौकामालकाची गरज होती. ओळखीसाठी लागणारी वीज ही त्याच्याइतकीच राज्यसंस्थेचीही गरज आहे. ट्रान्सपॉंडर शासनाने द्यावा आणि त्याला अखंड जागे ठेवण्याचा भार मात्र सर्वस्वी मच्छीमाराने वाहावा, ही विभागणी न्याय्य म्हणता येणार नाही. उपकरणांच्या योजनेतच सुयोग्य बॅटरी, तिची शास्त्रशुद्ध जोडणी, खलाशांचे प्रशिक्षण आणि जुन्या बॅटरीचा हमीपूर्वक परतावा यांचा समावेश होणे आवश्यक आहे. जुहूच्या वाळूत रुतलेले ते जहाज ऑगस्ट २०११ च्या मध्यास पुन्हा समुद्रात ओढून नेण्यात आले. सुरक्षेची साखळी तिच्या सर्वांत दुर्लक्षित विद्युतघटाइतकीच भक्कम असते, हा त्याने दिलेला धडा मात्र धोरणात उतरावयाचा आहे.