गिरमिटाचा कागद आणि धाहरानची परिचारिका

मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी आपल्या खापरपणजोबांची नोंद शोधली आहे. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, जहाज आणि ज्या मळ्यावर पाठवले त्या मळ्याचे नाव. रत्नागिरीकडच्या गावाचे नाव कारकुनाने कानाला जसे लागले तसे लिहिलेले असते. ते मोठ्याने वाचले की मगच ओळखू येते. पुढच्या काळातल्या नोंदींना छायाचित्रेही आहेत. समोर बघणारे, न हसणारे चेहरे. ते पाहून आपले डोळे भरून येतात आणि आपण त्या कागदाची प्रत घरी आणून चौकटीत लावतो.

या शताब्दी स्मरणिकेसाठी इतिहास लिहिताना आम्ही त्या कागदाकडे पुन्हा एकदा पाहिले. पाच वर्षांची मुदत, पुरुषाला महिन्याला पाच रुपये आणि शिधा, हे आपल्याला पाठ आहे. एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची 'डबल कट'ची रीतही आपण ऐकलेली आहे. पण आपल्या पूर्वजांना सर्वांत जास्त जाचणारी गोष्ट पगाराची नव्हती. मुदतीच्या आत मळा सोडला तर तो गुन्हा ठरे. मुदत संपल्यावरही १८६७ च्या कायद्याने 'जुन्या' आप्रवाशाला छायाचित्राचा पास जवळ बाळगावा लागे. पास नसला की पोलीस पकडत. काम कसे आहे याहून मोठा प्रश्न होता, ते सोडता येते का?

हाच प्रश्न घेऊन आम्ही या लेखात मॉरिशसपासून दूर, सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावरील धाहरानला जाणार आहोत. मुंबई बंदरातून गिरमिट्यांचा ओघ थांबल्यावर पुढे मजुरांचा दुसरा ओघ त्याच बंदरातून आखाताकडे वळला. त्या ओघात आज सर्वांत जास्त मागणी ज्यांना आहे, त्यांत परिचारिका आहेत.

१९१७ साली हिंदुस्थान सरकारने शर्तबंद मजुरांची रवानगी थांबवली. त्यानंतर १९२२ चा स्थलांतर कायदा आला. गिरमिटाच्या वाईट अनुभवातूनच तो जन्मला होता. अकुशल मजुरांच्या रवानगीवर त्याने कडक बंधने घातली आणि कुशल कामगार परदेशी नेणाऱ्या मालकाला कराराच्या अटी सरकारपुढे मांडून परवानगी घेणे भाग पाडले. म्हणजे आखाताच्या तेलाला माणसे लागली तेव्हा आपल्या पूर्वजांच्या सोसण्यातून घडलेला कायदा मुंबईत तयार होता.

तेल लागले ते धाहरानच्या टेकडीपाशी. २९ मे १९३३ रोजी अमेरिकी कंपनीला सौदी राजाकडून सवलत मिळाली. पाच वर्षे शोध चालला, आणि मार्च १९३८ मध्ये 'दम्माम क्रमांक ७' या विहिरीतून भरपूर तेल आले. ती कंपनी १९४४ पासून अरामको नावाने ओळखली जाऊ लागली. महायुद्धाच्या अखेरीस रास तनुराचा तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहत असताना मुंबईतून कारकून, फिटर, सुतार असे कुशल हात नेले गेले. धाहरानला त्या काळी वस्तीच तीन भागांत होती. अमेरिकी साहेबांसाठी वातानुकूलित घरांची वसाहत, हिंदी, पाकिस्तानी वगैरे लोकांसाठी मधली वसाहत आणि सौदी कामगारांसाठी वेगळी. आपल्या वाडवडिलांनी मालकाचे घर आणि कॅम्पमधल्या खोल्या यांतले अंतर पाहिले होते. त्यांना हा नकाशा नवा वाटला नसता. १९५३ च्या ऑक्टोबरात हजारो सौदी कामगारांनी याच वागणुकीविरुद्ध संप केला.

तेलाच्या गावाला दवाखाना लागतोच. सुरुवातीला त्यात अमेरिकी डॉक्टर आणि अमेरिकी परिचारिका असत. आजूबाजूच्या मरुद्यानांत हिवताप आणि खुपरी या दोन रोगांनी माणसे गांजली होती. १९५४ पासून हार्वर्ड विद्यापीठाबरोबर खुपरीवर संशोधन याच परिसरात सुरू झाले. पण स्थानिक परिचारिका फार थोड्या होत्या. सौदी सरकारने रियाधमध्ये पुरुषांसाठी आरोग्य प्रशिक्षण संस्था १९५८ साली सुरू केली. मुलींसाठी रियाध आणि जेद्दा येथे १९६१ साली. पदवीचा अभ्यासक्रम १९७६ साली आला. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि देशभर रुग्णालये उभी राहिली. इमारत दोन वर्षांत होते. परिचारिका घडायला शिक्षणाची तीन-चार वर्षे आणि त्यानंतर अनुभवाची बरीच वर्षे लागतात. ही तफावत परदेशी परिचारिकांनी भरून काढली. फिलिपिन्स, हिंदुस्थान, इजिप्त अशा देशांतून त्या येऊ लागल्या. आजही सौदी अरेबियात परदेशी परिचारिकांचे प्रमाण मोठे आहे. धाहरानमधला अरामकोचा दवाखाना २०१४ पासून जॉन्स हॉपकिन्सच्या भागीदारीत चालतो. शेजारी लष्कराचे मोठे वैद्यकीय संकुल आहे.

हिंदुस्थानाकडे जगाला पुरवण्याइतक्या परिचारिका होत्या म्हणून त्या गेल्या, असे कोणी समजू नये. १९४६ च्या भोर समितीने नोंदवले होते की त्या वेळच्या हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. परक्या माणसाचे मलमूत्र साफ करणे, रात्री घराबाहेर राहणे, हे काम सवर्ण घरांतल्या मुलींनी करायचे नाही असा समज होता. महाराष्ट्रात तो मोडण्याचा प्रयत्न लवकर झाला. मिरजेच्या मिशन रुग्णालयाने परिचारिका शिकवल्या. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनाने विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना ससून रुग्णालयाच्या मदतीने हे शिक्षण दिले. त्या स्त्रियांना पांढऱ्या साडीबरोबर स्वतःच्या कमाईचा पैसाही मिळाला. तरी परदेशी जाणाऱ्या परिचारिकांचा मोठा वाटा पुढे केरळचा राहिला, कारण तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांनी मुलीला नर्सिंग शिकवणे हे घराला वर काढण्याचे साधन मानले. आखातातल्या वॉर्डांत मराठी मुली आहेत, पण थोड्या.

आता आपला प्रश्न. धाहरानची परिचारिका गिरमिटी आहे का? आमचे स्पष्ट उत्तर आहे: नाही. ती शिकलेली आहे, परीक्षा देऊन गेली आहे, तिचा पगार बँकेत जमा होतो, सुट्टीला ती विमानाने घरी येते. आपल्या खापरपणजीला यातले काहीच मिळाले नव्हते. तिचे दुःख या शब्दाला जोडून स्वस्त करू नये. पण दोन्ही करारांत तीन गाठी सारख्या दिसतात, आणि त्या ओळखणे हे आपल्यासारख्यांचे काम आहे.

पहिली गाठ कर्जाची. निघण्याआधीच माणूस देणेकरी होतो. २०१५ साली कुवेतच्या परिचारिका-भरतीचे प्रकरण उघड झाले. कायद्याने घेता येणारे शुल्क १९,५०० रुपये असताना एकेका मुलीकडून सुमारे साडेएकोणीस लाख घेतल्याचा आरोप होता. घर गहाण टाकून गेलेली मुलगी पहिल्या महिन्यात कितीही त्रास झाला तरी परत फिरू शकत नाही. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने आखातासह १८ देशांत परिचारिका फक्त ठरवून दिलेल्या सरकारी संस्थांमार्फत पाठवण्याचा नियम केला. गिरमिटाच्या काळातही अरकाट्याच्या थापांवर सरकारी देखरेख हाच उपाय काढला होता. उपाय तेव्हा पुरेसा नव्हता. आताही एकटा पुरत नाही.

दुसरी गाठ कागदाची. आखातात परदेशी माणसाचे राहणे एका पुरस्कर्त्या मालकाशी, कफीलाशी, बांधलेले असे. नोकरी बदलायची किंवा देश सोडायचा तर मालकाची संमती लागे. पासपोर्ट ठेवून घेणे कायद्याने मना असूनही ते होत राहिले. मार्च २०२१ पासून सौदी अरेबियाने हा नियम सैल केला. कराराच्या ठरावीक अटी पाळल्या तर कामगार मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलू शकतो आणि देशाबाहेर जाऊ शकतो. घरकाम करणाऱ्या बायकांना मात्र त्यातून वगळले गेले. आपल्या १८६७ च्या पासची आठवण ज्यांच्या घरात आहे, त्यांना या बदलाचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

तिसरी गाठ दरजाची. एकाच वॉर्डात, एकाच पाळीत, एकच काम करणाऱ्या परिचारिकांचा पगार कुठल्या देशाचा पासपोर्ट आहे यावर वेगळा ठरणे, ही आखातात बराच काळ चाललेली रीत. आपल्याकडे हीच वाटणी सरदार आणि कुली अशी होती.

आणखी एक बाजू आहे. ती परिचारिकेपुरती नाही, रुग्णाचीही आहे. २००२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची पाहणी केली तेव्हा असे दिसले की एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. पुढे युरोपातल्या नऊ देशांतही असाच निष्कर्ष निघाला. परिचारिका कमी असणे म्हणजे तिची कंबर दुखणे एवढेच नव्हे. खाटेवरचे माणूस वाचणे-न वाचणे त्यावर अवलंबून असते.

भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे आहे. सरकारी किंवा खासगी वॉर्डात रात्री फेरी मारणाऱ्या कुणालाही हे प्रमाण कागदावरचे वाटते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांसाठी पगाराची शिफारस केली: २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका, आणि लहान रुग्णालयांतही २०,००० रुपयांपेक्षा कमी नाही. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांच्या परिचारिकांनी ठेकेदारामार्फत भरती करण्याच्या निर्णयाविरुद्ध संप केला. म्हणजे मायदेशीच्या वॉर्डात कायमची जागा मिळत नाही म्हणून मुलगी धाहरानचा करार हाती घेते, आणि तिची मायदेशीची जागा रिकामीच राहते. परदेशी गेलेल्या परिचारिकेचे नाव राज्याच्या नोंदणीत तसेच असते, त्यामुळे एकूण आकडा मोठा दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका आहेत, तरी ५८ लाख कमी पडतात. जगातल्या दर सातांमागे एक परिचारिका परदेशात जन्मलेली आहे.

हे सारे वाचून 'आमचा काय संबंध' असे कुणी म्हणू नये. १९६० आणि १९७० च्या दशकांत मॉरिशसमधून कितीतरी तरुण-तरुणी ब्रिटनच्या रुग्णालयांत, विशेषतः मनोरुग्णालयांत, परिचर्या शिकायला गेले. त्यांतल्या काहींची पत्रे, पगाराच्या चिठ्ठ्या, बिल्ले आजही आपल्या कपाटांत आहेत. ऊसमळ्यावरून वॉर्डात गेलेली ती पहिली पिढी आपलीच.

आणि गिरमिटाची परिस्थिती बदलली कशी, हेही आठवू या. १८७१ साली आडोल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्याने ९,४०१ जुन्या आप्रवाशांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नराकडे दिला. त्यातून १८७२ चा शाही आयोग आला आणि १८७८ चा नवा मजूर कायदा झाला. अर्जावर सह्या होत्या, म्हणून आयोगाला 'कोणी तक्रार केली नाही' असे म्हणता आले नाही. बहुतेकांना लिहिता येत नव्हते. तरी त्यांनी आपले नाव कागदावर येऊ दिले. त्यासाठी धैर्य लागले.

म्हणून स्मरणिकेच्या वाचकांना आमची एक विनंती आहे. आपल्या घरात कुणी परिचारिका असेल, लंडनला गेलेली आत्या असो की आखातात काम करणारी भाचीची मैत्रीण, तिचा करार, पहिला पगार, नोकरी सोडताना काय झाले, किती रुग्णांमागे ती एकटी होती, हे तिच्याकडून ऐकून लिहून घ्या. तिची हरकत नसेल तर प्रत आमच्या मंडळाकडे द्या. मोक्याच्या अभिलेखागारात आपल्या पूर्वजांबद्दल जे आहे ते सरकारी कारकुनाने लिहिलेले. तिची हकीकत मात्र तिच्याच तोंडून येऊ दे.