हूकचं बोट आणि खाजकुयली

कुळागराच्या वाटेवर खाजकुयलीची शेंग एकदा तरी हाताळली नाही, असा गावात वाढलेला माणूस गोव्यात मिळणं कठीण. सोनेरी मखमलीसारखी दिसते, आणि हात लावला की संपलंच! हीच शेंग १६६५ साली लंडनला छापलेल्या एका ग्रंथात आहे, हे मला कळलं फार उशिरा.

ग्रंथ रॉबर्ट हूकचा, नाव 'मायक्रोग्राफिया'. बुचाच्या कापात त्याने कप्पे पाहिले आणि त्यांना 'सेल' म्हटलं, एवढं आपण शाळेत शिकतो. त्याच ग्रंथाचं पंचविसावं प्रकरण नेटल या झुडपावर आहे. युरोपात ते कुठेही उगवतं. आपल्याकडे हिमालयात मिळतं, तिथे त्याला बिच्छू घास म्हणतात. पानाला हात लागला की आग होते.

ती का होते हे पाहायला हूकने एक भिंग चष्म्यासारखं डोळ्यांपुढे अडकवलं, नेटलचं पान समोर धरलं आणि त्याचे केस चक्क स्वतःच्या कातडीत टोचून घेतले. बोट टेकवलं तरी केस वाकेना. पण दाब पडला की पोकळ केसातून एक द्रव वर चढताना दिसला, बोट काढलं की खाली उतरताना. केसाच्या बुडाशी त्या द्रवाची पिशवी आहे, हे त्याने तिथल्या तिथे ओळखलं. इंजेक्शनची सुई यायला तेव्हा जवळजवळ दोनशे वर्षं होती.

केसाचं टोक काचेसारखं ठिसूळ असतं. ते तिरकं मोडतं आणि त्याची धारदार सुई होते, हे पुढे कळलं. आतल्या द्रवात हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिन असल्याचं एमेलिन आणि फेल्डबर्ग यांनी १९४७ साली दाखवलं.

आणि नेटलच्या लगेच पुढचं, सव्विसावं प्रकरण आपल्या खाजकुयलीचं! तिची लव तेव्हा इकडून विलायतेला जात असे. इंग्रज तिला 'काऊ-इच' म्हणत, म्हणजे गायीची खाज. हे नाव चुकीचं आहे असं हूक स्वतःच सांगतो आणि पार्किन्सनच्या वनस्पतिग्रंथाचा हवाला देऊन सुरतेकडचं नाव नोंदवतो. मूळ शब्द आपल्या केवांचचा. कानावर पडलं तसं लिहिलं की काय होतं, हे आम्हा कारकुनांना कोणी सांगायला नको. रजिस्टरात रोज पाहतो. संस्कृतात तर ती कपिकच्छू, माकडाची खाज. गायीचा संबंध एवढाच की लहानपणी माझ्या हातांना आजीने शेण चोळलं होतं.

खाजकुयलीचं काम नेटलपेक्षा वेगळं. तिच्या केसात प्रथिनं तोडणारं एक द्रव्य असतं. १९५५ साली त्याला 'म्युक्युनेन' हे नाव मिळालं. ते आपल्या मज्जातंतूंना नेमकं कसं चाळवतं, याचा उलगडा २००८ साली झाला, हूकच्या ग्रंथानंतर ३४३ वर्षांनी.