चरीचा बांध कोणाचा?

महाडला आपण जातो, दीक्षाभूमीला जातो, भीमा कोरेगावला जातो. चरीला कोण जाते? अलिबाग तालुक्यातले पोयनाडजवळचे हे लहानसे गाव. शिबिरात आम्ही नाव घेतले की अर्धे डोळे कोरे असतात.

चरी खारेपाटात आहे. भरतीचे पाणी आत शिरू नये म्हणून मातीचे बांध घालायचे, उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर सोडायचे, तेव्हा कुठे भात लावता येतो. बांधाला खांड गेली की खारे पाणी शेतात पसरते आणि ती जमीन पुढची काही वर्षे धड पिकत नाही. म्हणजे ही जमीन निसर्गाने आयती दिलेली नाही, चिखल उपसणाऱ्या हातांनी ती राखली आहे. आणि हक्क सांगणारा कोण? खोत! सरकारचा सारा तो भरणार आणि कुळाकडून त्याच्या कितीतरी पट धान्य घेणार. वर वेठ, म्हणजे त्याच्या शेतात फुकट राबणे. कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांत हीच रीत होती. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवेही याच खोतीच्या मुलखातले.

1933 मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी व आसपासच्या 25 गावांतल्या कुळांनी ठरवले, शेत कसायचेच नाही. संप 1939 पर्यंत चालला. सहा वर्षे! लाकूडफाटा विकून माणसांनी दिवस काढले, पण खोताच्या शेतात पाऊल टाकले नाही. संपकरी बहुतेक आगरी. बाबासाहेबांना एका जातीचे पुढारी ठरवणाऱ्यांना, त्यात आपलेही काही आले, आमचा प्रश्न आहे : मग संप चालू असताना ते चरीला कशाला आले होते?

नुसते आले नाहीत. 1928 मध्ये त्यांनी महार वतनाचे विधेयक आणले होते. तिथेही जमिनीच्या तुकड्याच्या नावाखाली वेठच होती. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्यात खोताला भरपाईची तरतूद होती, म्हणून काही मित्र नाके मुरडतात. पण तेवढे सौम्य विधेयकही खेर सरकारने मंजूर होऊ दिले नाही, हे ते विसरतात. 10 जानेवारी 1938 ला हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. सोबत शामराव परुळेकर होते. कोकणात या लढ्यासाठी फिरणारे अनंतराव चित्रे तर महाडच्या सत्याग्रहातलेच. पाणी आणि जमीन हे दोन वेगळे लढे नव्हते, माणसेही तीच होती.

1939 च्या कूळ कायद्याने संरक्षित कूळ आले, खोती रद्द करणारा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरच झाला. पण या कायद्यांचा लाभ ज्याचे कूळ म्हणून नाव लागले त्याला. जो नुसता मजूर होता, त्याचे नाव कुठल्या सातबाऱ्यावर चढले? चरीला गेलात तर संपाचे स्मारक जरूर बघा, आणि मग बांधावर जाऊन तिथल्या म्हाताऱ्यांना हे विचारा.