मेंढ्यांचा गोचीडताप : पांढुरक्या डोळ्यांमागे नेहमी जंतच नसतात

गोचीड चावल्याने मेंढीच्या रक्तात शिरणाऱ्या सूक्ष्म परजीवींमुळे जे आजार होतात, त्यांना व्यवहारात सरसकट ‘गोचीडताप’ म्हटले जाते. त्यात थायलेरियोसिस, बबेसियोसिस आणि ॲनाप्लाझ्मोसिस हे तीन स्वतंत्र रोग मोडतात. पहिल्या दोन रोगांचे कारक एकपेशीय आदिजीव आहेत, तर ॲनाप्लाझ्मा हा जिवाणू आहे. तिन्हींवरील औषधे निराळी असल्याने योग्य निदानावर मेंढीचे प्राण अवलंबून असतात.

२०१९च्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ७.४३ कोटी मेंढ्या आहेत. गोव्यात मेंढीपालन नगण्य असले, तरी घाटापलीकडे बेळगावपासून सोलापूरपर्यंत पसरलेल्या पठारावर धनगर आणि कुरुब समाजांतील अनेक कुटुंबांची उपजीविका दख्खनी मेंढीवर चालते.

शोधाचा इतिहास

रुमानियाचे शास्त्रज्ञ व्हिक्टर बाबेश यांनी १८८८ मध्ये आजारी गुरांच्या तांबड्या पेशींत हे परजीवी पाहिले. पुढे मेंढ्यांच्या रक्तातही त्यांना ते आढळले. ‘बबेसिया’ हे नाव त्यांच्यावरून पडले. गुरांचा असा ताप गोचिडामार्फत पसरतो, हे अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ मध्ये सिद्ध केले. ‘थायलेरिया’ हे नाव दक्षिण आफ्रिकेत कार्य केलेले पशुवैद्यक अर्नोल्ड थायलर यांच्यावरून पडले आहे.

प्रसार कसा होतो?

गोचिडाच्या लाळेतून थायलेरिया मेंढीच्या शरीरात शिरतो. तो प्रथम पांढऱ्या पेशींत वाढतो आणि नंतर तांबड्या पेशींत उतरतो. गोचीड चिकटल्यानंतर त्याच्या लाळग्रंथीत हा परजीवी पक्व होण्यास साधारणतः काही दिवस लागतात. म्हणून गोचीड लवकर काढणे हितावह ठरते. बबेसिया थेट तांबड्या पेशींवर हल्ला करतो. शिवाय बाधित मादीच्या अंड्यांतून तो गोचिडांच्या पुढच्या पिढीतही उतरतो. ॲनाप्लाझ्मा गोचिडाप्रमाणेच अनेक मेंढ्यांना वापरलेल्या एकाच सुईतूनही पसरू शकतो.

लक्षणे

तीव्र थायलेरियोसिसमध्ये ताप ४० ते ४२ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. खांद्यापुढील लसिकाग्रंथी सुजतात, मेंढी चरणे सोडून कळपामागे रेंगाळते, धाप लागते आणि डोळ्यांच्या आतील पापण्या फिकट पडतात. बबेसियोसिसमध्ये तांबड्या पेशी रक्तवाहिन्यांतच फुटत असल्याने लघवी तांबूस किंवा कॉफीच्या रंगाची होते. ॲनाप्लाझ्मोसिसमध्ये रक्तक्षय आणि कावीळ दिसते, मात्र लघवी लाल होत नाही. बहुधा तो सौम्य असतो; लांबचा प्रवास, उपासमार किंवा दुसऱ्या आजाराचा ताण पडला की उसळतो.

निदानातील मोठी चूक

मेंढीचे डोळे पांढुरके दिसले की जंतनाशक पाजण्याची पद्धत रूढ आहे. पोटातील रक्तशोषक जंतांमुळेही रक्तक्षय होतो, त्यामुळे ही शंका गैर नाही. पण जंतांच्या आजारात सहसा ताप नसतो आणि अनेकदा जबड्याखाली पाणी साचते. ताप, सुजलेल्या ग्रंथी आणि अंगावर गोचीड असताना जंतनाशकाच्या मात्रा वाढवत राहिल्यास मोलाचे दिवस वाया जातात आणि जंतांमधील औषधप्रतिकार मात्र बळावतो. कानाच्या शिरेतील रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यास बहुतेक तीव्र प्रकरणांचा उलगडा होतो. सौम्य संसर्गात परजीवी विरळ असतात. तेथे पीसीआर चाचणी उपयोगी पडते.

उपचार

थायलेरियोसिसवर बुपारव्हाक्वोन, बबेसियोसिसवर डायमिनाझीन किंवा इमिडोकार्ब आणि ॲनाप्लाझ्मोसिसवर ऑक्सिटेट्रासायक्लिन वापरतात. मात्रा वजनानुसार पशुवैद्यकानेच ठरवावी. उपचारानंतर ठरावीक काळ त्या मेंढीचे मांस खाण्यासाठी वापरता येत नाही. रक्त फार कमी झालेल्या मेंढीला केवळ इंजेक्शन पुरत नाही. सावली, पाणी, पौष्टिक चारा आणि विश्रांतीही हवी.

प्रतिबंध

रक्त पिऊन तट्ट फुगलेली मादी जमिनीवर गळून पडते आणि हजारो अंडी घालते. त्यामुळे केवळ मेंढीला औषध लावून भागत नाही. वाड्याच्या भिंतींच्या भेगा बुजवणे, जमीन स्वच्छ ठेवणे आणि गोचीडनाशक स्नान किंवा फवारणी सल्ल्यानुसार पुन्हा करणे आवश्यक असते. कान, जांघा आणि शेपटीखालची जागा नियमित तपासावी. विकत आणलेल्या मेंढ्या दोन-तीन आठवडे वेगळ्या ठेवाव्यात. विदेशी आणि संकरित मेंढ्या या रोगांना अधिक बळी पडतात, हे खरेदी करताना ध्यानात घ्यावे.

माणसाला धोका आहे का?

मेंढ्यांना होणारे हे तीन रोग सहसा माणसाला होत नाहीत. सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये आढळलेला माकडताप गोचिडामुळेच पसरतो, पण तो विषाणूजन्य असून या रोगांहून सर्वस्वी वेगळा आहे. तरीही गोचीड इतर रोगही वाहून आणू शकत असल्याने तो उघड्या बोटांनी चिरडू नये. हातमोजे घालून चिमट्याने काढून नष्ट करावा.