बाळाचा बाप्तिस्मा, थोरांची तयारी

बीड तालुक्यात मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगरकुशीत कपिलधार आहे. तिथल्या धबधब्याशेजारी सोळाव्या शतकातले वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांची समाधी आहे, आणि कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाडाभरातून दिंड्या येतात. कॅथलिक घरातल्या बाप्तिस्म्याचा इतिहास इथून सुरू करण्याला कारण आहे. वीरशैव परंपरेत मूल जन्मले की काही दिवसांतच जंगमाला, म्हणजे वीरशैव पुरोहिताला, बोलावतात आणि बाळाला लिंगधारणा होते. बाळाला कळत काहीच नाही. लिंग सांभाळायचे ते आईने. मोठेपणी गुरूकडून रीतसर दीक्षा होते, तोवर घरानेच त्या बाळाचा धर्म जपायचा असतो. मग त्या घराला गुरू, लिंग, जंगम, पादोदक, प्रसाद, विभूती, रुद्राक्ष, मंत्र ही अष्टावरणे समजवावीत कोणी आणि कशी? मन्मथस्वामींचा ‘परमरहस्य’ हा ओवीबद्ध मराठी ग्रंथ या प्रश्नाचे उत्तर आहे असे मला वाटते. संस्कृत न जाणणाऱ्या, पण गळ्यात लिंग असलेल्या माणसाला आपण काय धारण केले आहे हे त्याच्या भाषेत सांगणे, हे त्या ग्रंथाचे काम. गावोगावच्या शिवनाम सप्ताहांत आजही त्याची पारायणे होतात.

याच सुमारास गोव्यातही हाच प्रश्न उभा होता. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले आणि साष्टीत राहून मराठी शिकले. तिथे बाप्तिस्मा झालेल्यांची संख्या वाढत होती, पण जुनी पुराणे सोडलेल्या माणसांच्या हाती नवे काहीच नव्हते. मुलांना प्रश्नोत्तरांची धर्मशिकवणी मिळे. मोठ्यांनी वाचायचे काय, हा प्रश्न एका धर्मांतरित ब्राह्मणाने विचारल्याचे स्टीफन्स यांनी ग्रंथातच सांगितले आहे. त्यातून सुमारे 11 हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ घडले आणि 1616 साली राचोलला छापले गेले. कपिलधारचे स्वामी आणि राचोलचे पाद्री यांना एकमेकांची खबर असल्याचा पुरावा नाही, आणि तसा संबंध जोडायची गरजही नाही. दोन्ही समाजांत पहिला संस्कार तान्ह्या वयातही होत होता. म्हणून दोन्हीकडे शिकवणीचा खरा विद्यार्थी बाळ नव्हे, बाळाभोवतीचे घर होते. लहान मुलाच्या संस्काराची तयारी म्हणजे थोरांची तयारी, हे माझे म्हणणे या दोन ग्रंथांवर उभे आहे.

कॅथलिक विधीचा पुढचा इतिहास मात्र या म्हणण्याच्या विरुद्ध जातो असे दिसेल. कित्येक शतके भर होता तो घाईवर. बाळ दगावण्याची भीती घरोघरी असे, आणि बाप्तिस्म्याविना मूल जाऊ नये म्हणून जन्मानंतर शक्य तितक्या लवकर त्याला चर्चमध्ये नेत. जीव धोक्यात असेल तर सुईणीनेही कपाळावर पाणी ओतून पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा द्यावा, अशी मुभा होती. ती आजही आहे. अशा घाईत बाळंतीण बहुधा घरीच राही. मुलाला हातावर घेऊन धर्ममाता (गॉडमदर) उभी राही. जुन्या लॅटिन विधीत धर्मगुरू प्रश्न विचारत ते थेट बाळाला: तुला काय हवे, सैतानाचा त्याग करतोस का? आणि बाळाच्या वतीने उत्तर देत ते धर्ममाता-पिता. जन्मदात्या आईला त्या संवादात जागाच नव्हती. तरीही त्या विधीला कोणीतरी उत्तर देणारा थोर माणूस लागतच होता. वसईत 1739 साली पोर्तुगीज सत्ता संपली, परदेशी पाद्री गेले. त्यानंतर देशी धर्मगुरूंच्या जोडीने श्रद्धा पुढे नेली ती या उत्तर देणाऱ्या माणसांनी.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात सांगितले की बालकांचा विधी नव्याने रचावा आणि त्यात आईवडील व धर्ममाता-पिता यांची कर्तव्ये स्पष्ट दिसावीत. 1969 साली नवा विधी आला. आता दारातच आईबापांना विचारतात: बाळाचे नाव काय ठेवले, त्याच्यासाठी काय मागता, त्याला श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी समजली आहे ना? मग धर्मगुरूंमागोमाग आई आणि वडील बाळाच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढतात. पाणी, तेल, पांढरे वस्त्र हे सारे पूर्वीचेच. पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली वातही बाळाची, पण धरायची मोठ्यांनी. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. ज्या बाईने नऊ महिने बाळ वाहिले तिला विधीत प्रथमच स्वतःचा आवाज मिळाला, आणि पुढे विधी मराठीतून होऊ लागल्यावर तिला विचारलेले समजूही लागले.

या साऱ्या मांडणीवर पहिला आक्षेप स्वातंत्र्याचा. मुलाला विचारल्यावाचून त्याचा धर्म ठरवणे अन्याय नव्हे का? युरोपात सोळाव्या शतकातच काही पंथांनी याच कारणासाठी बालबाप्तिस्मा नाकारला. आक्षेप वजनदार आहे, पण भाषा, नाव, आहार यांपैकी काहीच मूल स्वतः निवडत नाही. आणि कॅथलिक रीतीत बाप्तिस्म्याच्या वेळचे वचन कायमचे मिटलेले नसते: पुढे दृढीकरणाच्या संस्कारात मुलगा-मुलगी ते स्वतःच्या तोंडाने उच्चारतात, दर पास्काच्या जागरणात सारी सभा ते पुन्हा घेते. पंडिता रमाबाईंचे उदाहरण अँग्लिकन चर्चमधले असले तरी इथे लागू पडते. सप्टेंबर 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, सोबत दोन वर्षांच्या मनोरमेलाही दिला. पण लेकीला कोणती शिकवण द्यायची यावरून वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचे मतभेद झाले, तेव्हा तो अधिकार आपला आहे, हे त्यांनी ठणकावून लिहिले. ज्या आईने स्वतः विचार करून निर्णय घेतला तीच मुलीच्या शिकवणीबद्दल इतकी जागरूक राहू शकली.

दुसरा आक्षेप खुद्द कॅथलिक शिकवणीतून येतो आणि तो अधिक अवघड आहे. बाप्तिस्मा ही देवाची कृपा. आईबापांच्या अभ्यासावर ती अवलंबून नाही, मग तयारीचे एवढे महत्त्व कशाला? शिवाय लिंगधारणेशी तुलनाही चुकीची, कारण लिंग रोज पूजायचे असते, तर बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच. हे दोन्ही भेद खरे आहेत. पण कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेत कलम 867 जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाप्तिस्मा करण्यास सांगते आणि कलम 851 आईबापांना व धर्ममाता-पित्यांना आधी नीट समजावून सांगण्याची अट घालते. कलम 868 तर याहून पुढे जाते: मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी सकारण आशा मुळीच नसेल, तर बाप्तिस्मा पुढे ढकलावा आणि कारण आईबापांना सांगावे. कृपा बाळाला मिळते, पण बाळाला मरणाचा धोका नसताना चर्च पारखते ते घर. 1977 साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात बीड जिल्हाही येतो. इथल्या विखुरलेल्या धर्मग्रामांना कलम 868 विशेष लागू आहे. शेजारी एकही ख्रिस्ती घर नसेल, चर्च तालुक्याच्या गावी असेल, तर आठवड्याचे सहा दिवस मुलाला क्रूसाची खूण करायला शिकवणारे आईबापाशिवाय दुसरे कोणी नसते.